धोंडीरामाचे डोनट

मनकर्णाबाई घरी डोनट तळतात असं सांगितलं की माणसं आधी हसतात. पासष्टीची बाई, महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं घंटा वाजवून रिटायर झालेली, राहायला सोलापूरच्या बुधवार पेठेत, आणि तळते काय तर डोनट! शेंगापोळी म्हणा, धपाटं म्हणा, फार तर मटणाचा रस्सा म्हणा, लोकांचं लगेच समाधान होतं. कुणाच्या घरात काय शिजावं याची यादी लोकांच्या डोक्यात तयारच असते. यादीबाहेरचं काही दिसलं की हसू येतं.

हसा. पण शहरातल्या कॅफेच्या काचेमागं डोनट दिसायला लागले ते परवा-परवा. मनकर्णाबाईंच्या घरात ते त्यांच्या जन्माच्या आधीपासून आहेत.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सातलाच बाईंनी मैदा चाळून घेतला होता. कोमट दूध, साखर, यीस्ट, एक अंडं, चमचाभर लोणी. पीठ हाताला चिकटायचं थांबेपर्यंत मळलं, पातेल्यात घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि पातेलं चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं, तापलेल्या लेकराला ठेवावं तसं. थंडीत पीठ लवकर फुगत नाही. उन्हाळ्यात सोलापुरात त्याला सांगावंसुद्धा लागत नाही.

नात, धम्मप्रिया, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. ती पेन घेऊन स्पर्धेचं कार्ड भरायला बसली होती.

"आज्जी, 'पदार्थाचा उगम' असा रकाना हाय. काय लिहू?"

"होटगी."

"नुसतं होटगी?"

"होटगी जंक्शन, ड्रायव्हर लोकांची रनिंग रूम. सन अठ्ठावन्न. आन् खाली नाव लिही, धोंडीराम सटवा बनसोडे. मोठ्या अक्षरात लिही. त्यो माणूस आयुष्यात कुटं छापला गेला न्हाय."

खरंच होतं ते. धोंडीराम म्हणजे मनकर्णाबाईंचा बाप. रेल्वेच्या हजेरीपटावर तो 'सफाईवाला' होता. वारला तेव्हा पेपरात चार ओळी द्यायचंही घरात कुणाला सुचलं नाही, आणि ते बाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलेलं. अशात शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळानं जाहिरात दिली: घराघरातल्या पिढीजात पदार्थांची स्पर्धा. निवडलेले पदार्थ पुस्तकात छापणार, करणारीच्या नावानं, आणि ज्या पूर्वजाकडून पदार्थ आला त्याच्याही नावानं. पहिल्या बक्षिसाला कुकर होता. बाईंच्या घरात कुकर दोन होते. त्यांना हवं होतं ते एकच, छापील धोंडीराम.

आता होटगीच्या रनिंग रूमचा आणि डोनटचा संबंध काय, तेही ऐका. त्या काळी होटगीला गाड्या बदलायच्या, इंजिनं थांबायची, ड्रायव्हर रनिंग रूममध्ये मुक्कामाला असायचे. त्यातल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरची बायको रनिंग रूमला लागूनच क्वार्टरमध्ये राहायची. सगळे तिला मड्डमच म्हणत. तिच्या चुलीवर सगळ्या प्रकारचं मांस शिजायचं, त्यामुळं गावातला एकही शुद्ध माणूस तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नव्हता. बाटतं! मग त्यांना बाटवणारी ती चूल धोंडीरामाच्या वाट्याला आली. झाडू मारायला ठेवलेला पोरगा तिथं कांदे चिरायला लागला, मग पीठ मळायला, मग तळायला. मड्डम पावाच्या जुन्या पिठाचा गोळा राखून ठेवायची, त्यानं नवं पीठ फुगवायची, आणि दर रविवारी डोनट करायची. तळले की गरम असतानाच दालचिनीच्या साखरेत लोळवायचे.

धोंडीरामाला तो वास डोक्यात बसला. मधलं भोक पाडायला मड्डमकडं कसलंसं साहेबी यंत्र होतं. धोंडीरामानं गार्डच्या मोडक्या हातदिव्याचं पितळी टोपण उचललं, रॉकेलचा वास जाईस्तोवर चिंचेनं घासलं, आणि वस्तीत डोनट सुरू केले.

का केले, ते महत्त्वाचं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीनं जुने देव सोडले, सण सोडले. सणाला गावातून मागून आणलेलं गोडधोडही सोडलं. मग बुद्धपौर्णिमेला पोरांच्या हातात काय द्यायचं? पहिल्या पौर्णिमेला नुसती खीर झाली. दुसऱ्या पौर्णिमेला धोंडीरामानं करडईच्या तेलात दोनशे डोनट तळले. त्या वस्तीत आपल्या कढईत, आपल्या हातानं, आपल्या पोरांसाठी तळलेला तो पहिला गोड पदार्थ. त्याच्या आधी गोड यायचं ते दुसऱ्याच्या दारातून, उरल्यावर.

एवढं सगळं कार्डावर मावत नव्हतं. धम्मप्रियानं लिहिलं: 'पिढ्या: तीन.' आणि मोठ्या अक्षरात: धोंडीराम सटवा बनसोडे.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. दारातच झेंडूचं तोरण, रांगोळी, आणि यादी घेऊन उभी असलेली अंकिता. मंडळाची कार्यकर्ती. काठपदराची साडी, हातात वॉकीटॉकीसारखा धरलेला मोबाईल. आत तीन विभाग मांडलेले. पहिला, 'सणावाराची गोडी'. दुसरा, 'रोजचं ताट'. तिसऱ्याची पाटी जरा वेगळ्या रंगात होती, 'वंचितांची चूल', आणि तो मांडला होता हात धुवायच्या बेसिनशेजारी.

"मावशी, तुमचं टेबल तिकडं," अंकितानं बेसिनकडं बोट केलं.

"गोडाचं हाय ताई माझं. डोनट हायती."

"हो, पण यादीत तुमचं नाव तिकडं आलंय."

"आलंय म्हंजे? नाव काय पायानं चालत गेलं व्हय तिकडं? कुणी घातलं?"

"फॉर्मवरून घेतात मावशी. आपलाच मान आहे त्यात. खास विभाग केलाय यंदा."

फॉर्मवर जात विचारलेली नव्हती. आडनाव विचारलं होतं, पत्ता विचारला होता. सोलापुरात एवढं पुरतं.

बाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली ते धम्मप्रियानं बघितलं. "आज्जी, चल. तळायचंय. पीठ उतरंल."

पीठ उतरेल, फुगलेलं बसेल, ही भीती रागापेक्षा मोठी होती. बाई बेसिनशेजारी उभ्या राहिल्या. मंडळानं दिलेल्या शेगडीवर कढई ठेवली. घरून नेलेल्या पिठाची जाड पोळी लाटली, स्टीलच्या वाटीनं गोल कापले, आणि मधे बापाचं ते पितळी टोपण दाबलं. टक्. भोक पडलं. टक्. टक्. तेलात पिठाचा बारका गोळा सोडून बघितला. तो तळाशी गेला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि फुगून वर आला. मग बाईंनी चार-चार डोनट सोडले, सायकलच्या तारेनं उलटले. पांढऱ्याचे बदामी झाले, कडेला तेवढी एक फिकट रेघ राहिली. ती रेघ राहिली म्हणजे पीठ नीट फुगलं होतं. धोंडीराम आबा म्हणायचा, कंबरपट्टा दिसला पायजे. कंबरपट्टा दिसत होता.

गरम डोनट दालचिनीच्या साखरेत पडले आणि वास हॉलभर पसरला. आधी शेजारच्या टेबलावरच्या बाया आल्या, मग 'सणावाराची गोडी'वाल्या आल्या. एक बाई बेसिनवर हात धुवायला आली ती तिथंच थांबली आणि ओल्या हातानंच डोनट घेतला.

"अगंबाई, हे तर विकतच्यापेक्षा भारी आहेत! यूट्यूबवर बघून केले का?"

"न्हाय, बापाकडं बघून," बाई म्हणाल्या.

तासाभरानं परीक्षक आले. प्राध्यापक गुरुशांत. खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक, खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, सोबत फोटोग्राफर. त्यांनी एक डोनट खाल्ला. दुसरा उचलला. तोही संपवला, बोटांची साखर चाटली. धम्मप्रियानं आज्जीचा हात दाबला.

"अप्रतिम," सर म्हणाले. "अप्रतिमच. पण आजी, मला तुमच्या टेबलावर वेगळी अपेक्षा होती. चान्या वगैरे. वाळवलेल्या मांसाच्या त्या पट्ट्या असतात ना? तुमचा खरा वारसा तो."

"चान्या खाल्ल्यात की आमी," बाई म्हणाल्या. "माझी आज्जी वाळवायची वलनीवर. भूक होती म्हणून खाल्ल्या, सर. ह्ये माझ्या बापाला आवडलं म्हणून शिकला त्यो. वारसा कशाला म्हणायचं मग? भुकेला का आवडीला?"

"तसं नाही हो. मुद्दा पारंपरिकतेचा आहे. डोनट हा आपला पदार्थच नाही. परकीय आहे."

"आसं? त्या पलीकडच्या टेबलावर काय हाय सर? साबुदाण्याचे वडे. साबुदाणा कुणाच्या पणजीनं पेरला होता हितं? त्यात बटाटा, त्यो कुटला? मिरची कुटली? आन् आपली सोलापूरची शेंगाचटणी, जगात मिरवतो, त्यातली शेंग तरी हितली का? माझी शाळा सातवीपातूर, पर शाळेच्या भिंतीवरचा नकाशा तीस वर्सं रोज पुसलाय मी. समद्या समुद्राच्या पल्याडनं आल्यात. त्या आल्या, तुमच्या सवळ्यात बसल्या, त्यांना कुणी गाव विचारलं न्हाय. माझ्या बापाच्या डोनटलाच तेवढा दाखला मागताय व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचा चेहरा मात्र उजळला. तेच वाईट झालं. रागावले असते तर परवडलं असतं.

"वा! फार सुंदर मुद्दा आहे. थांबा हं," म्हणत त्यांनी झोळीतून वही काढली आणि भराभर लिहून घेतलं. साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंग. टोपणही हातात घेऊन बघितलं, त्याची गोष्ट विचारली, तीही लिहिली. फोटोग्राफरनं टोपणाचा फोटो काढला, ताटाचा काढला, साखरेनं माखलेल्या बाईंच्या हातांचा काढला. नाव कुणी विचारलं नाही. नाव समोर कार्डावर होतं, मोठ्या अक्षरात.

सर अंकिताकडं वळून हळू आवाजात काहीतरी बोलले. अंकिता नवं कोरं कार्ड घेऊन आली.

"मावशी, सरांना तुमचा पदार्थ पुस्तकात घ्यायचाच आहे. फक्त एक करा. नाव बदला. डोनट नको, 'गुलगुले' लिहा. तळलेलं, गोड, पिठाचं. म्हणजे तेच की. होटगीच्या रनिंग रूमच्या जागी नुसतं 'होटगी परिसर' लिहा. बाकी तुमच्या वडिलांचं नाव आहे तसं येईल. फोटोसकट."

धम्मप्रियाचे डोळे चमकले. "आज्जी, लिही की! आबांचं नाव तर येतंय. पदार्थाला काय का म्हणंनात. आपल्याला ठावं हाय ना."

बाईंनी पेन घेतला. हे सांगितलंच पाहिजे. बाई लगेच ताडकन उठल्या वगैरे काही झालं नाही. त्यांनी पेन घेतला, कार्ड टेबलावर सरळ केलं, आणि 'गु' लिहिला. बाप छापून येणार होता. त्याच्यासाठी एक शब्द. शाळेत हजार वेळा हजार खोट्या रजिस्टरांवर सह्या केलेल्या त्या हाताला एक शब्द जड नव्हता.

पण शब्द गुलगुले होता. दुसरा कुठला असता तर कदाचित लिहूनही झाला असता.

होटगीत पाटलाच्या वाड्यावर लग्न होतं. धोंडीराम तेव्हा नऊ वर्षांचा. जेवणावळी उठल्यावर वस्तीतल्या बायापोरांना मागच्या दाराला बोलावलं होतं, आणि उरलेले गुलगुले वरून टाकले होते. पदरात. हात हाताला लागू नये म्हणून उंचावरून. धोंडीरामाच्या वाट्याचा एक गुलगुला आईच्या पदराबाहेर मातीत पडला. तो उचलायला वाकला तेव्हा वरचा माणूस म्हणाला, "बघा, कसं टिपतंय!" आणि सगळे हसले. त्या दिवसानंतर धोंडीरामानं मरेपर्यंत गुलगुला तोंडाला लावला नाही. आणि आता त्याची लेक त्याच पदार्थाखाली त्याचं नाव लिहीत होती. मोठ्या अक्षरात.

बाईंनी 'गु'वर काट मारली. मग उभी मारली, मग आडवी, कागद फाटेस्तोवर.

"ह्ये घ्या तुमचं कार्ड. माझ्या बापानं डोनट केलं होतं. गुलगुलं त्यानं कवाच थुकून टाकलं."

"मावशी, चिडू नका. विचार करा जरा. संधी आहे."

"संधी तुमास्नी हाय ताई. आमास्नी बेसिन हाय."

उरलेल्या डोनटचं ताट उचलून बाई मागच्या दारानं बाहेर पडल्या. तिथं कार्यालयाची भांडी घासणाऱ्या चौघी-पाचजणी बसल्या होत्या. बाईंनी ताट त्यांच्यामधे ठेवलं. एकीनं राखेचे हात पदराला पुसून डोनट उचलला, भोकातून पलीकडं बघितलं, हसली.

"काय म्हन्तेत ह्याला?"

"डोनट. धोंडीरामाचं डोनट."

"कोन धोंडीराम?"

"माझा बाप," मनकर्णाबाई म्हणाल्या. दिवसभरात कुणी नावाचं विचारलं ते एवढंच.

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. बाई मान ताठ ठेवून घरी आल्या, एवढ्यावर वाचणाऱ्याचं पोट भरलं असतं. पण मंडळं अशी सोडत नसतात.

मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या सकाळी, एक पाकीट आलं. आत जाडजूड, गुळगुळीत, रंगीत पुस्तक, आणि अंकिताची चिठ्ठी: 'मावशी, तुमचे हात छापून आलेत! अभिनंदन.'

हात आले होते. पूर्ण पानभर. सुरकुतलेले, साखरेनं माखलेले, शेजारी पितळी टोपण. खाली लिहिलं होतं: 'गोड कडी. वंचित समाजातील एका अनाम आजीची पारंपरिक पाककृती.' त्याखाली कृती, आणि कृतीखाली टीप: दालचिनीऐवजी वेलदोडा वापरल्यास अस्सल चव येते.

धम्मप्रियानं प्रस्तावना उघडली. प्राध्यापक गुरुशांत यांची. दुसऱ्याच परिच्छेदात ती अडखळली, मग मोठ्यानं वाचायला लागली: "साबुदाणा आपल्या कोणत्या पणजीने पेरला होता, असा प्रश्न मला अनेकदा पडतो..."

"पुढं वाच," बाई म्हणाल्या.

"बटाटा हाय. मिरची हाय. शेंग बी हाय, आज्जी. समदं हाय."

"आन् आबा?"

धम्मप्रियानं शेवटची नामसूची दोनदा बघितली. साबुदाणावड्यावाल्या बाईंची पणजी होती, नाव आणि फोटोसकट. धोंडीराम नव्हता.

बाईंनी स्वतः फोन लावला.

"सर, मनकर्णा बोलतेय. डोनटवाली."

"अहो आजी! मिळालं का पुस्तक? कसं वाटलं?"

"नाव न्हाय सर त्यात."

"हो, ते काय झालं, कार्ड तुम्हीच फाडलंत ना. नियमाप्रमाणे तुम्ही माघार घेतलीत. नाव छापायचं तर सही लागते. पण पदार्थ गाळवेना हो आम्हाला. तुमच्यावरच्या आदरापोटीच घेतला."

"पहिलं कार्ड होतं की टेबलावर. नाव होतं त्याच्यावर."

"ते सापडलं नाही. बघू, दुसऱ्या आवृत्तीत नक्की काहीतरी करू."

फोन ठेवून बाईंनी पुस्तक मिटलं. धम्मप्रिया रडत होती, आणि तिला कशाचं रडू येतंय ते तिचं तिलाही कळत नव्हतं. "मी म्हनलं होतं, लिही म्हणून," ती म्हणाली. "लिवलं आसतंस तर आला आसता आबा."

"आला आसता," बाई म्हणाल्या. "गुलगुलं हातात घेऊन."

एवढं बोलून त्या उठल्या, पण आवाजात दम नव्हता. तो पेन, तो 'गु', त्या सगळ्याचा हिशेब त्यांच्या मनात आजही मिटलेला नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, बरं केलं. न विचारता म्हणत नाहीत.

विहारात पोरं वाट बघत होती. उन्हानं पीठ पातेल्याबाहेर आलं होतं. बाईंनी ते लाटलं, वाटीनं कापलं, टोपण दाबलं. टक्. टक्. कढईत करडईचं तेल तापलं. पहिला घाणा काढायची वेळ आली, आणि खाली पसरायला कागद नव्हता.

बाईंनी पुस्तक ओढलं. मधोमध उघडलं, शिवण पकडून टराटरा आठ-दहा पानं फाडली आणि ताटात पसरली. वरचं पान हातांचंच होतं. त्याच्यावर चार गरम डोनट ठेवले.

धम्मप्रिया बघत राहिली.

दुसरा घाणा निघाला. पहिला उचलायला गेल्या तर डोनटची बूडं तेलानं चिंब. तेल कागदावर तसंच साचलेलं, चकचकीत, फोटोतल्या बोटांवरून ओघळत होतं. महागाचा कागद. गुळगुळीत. त्यानं एक थेंब आत घेतला नव्हता.

बाईंनी ते पान दोन बोटांनी उचललं, वाकडं करून तेल कढईत निथळलं.

"धम्मे, ह्ये उचल हितनं," त्या म्हणाल्या. "आन् माळ्यावरची रद्दी काढ. जुना पेपर आण. ह्ये त्याल बी पीत न्हाय."